बाई, चमेली आणि टाळ्या

बाई घोड्यांना अहो-जाहो करायच्या आणि माणसांना अरे-तुरे. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. "अहो, पाय उचला जरा, कितीदा सांगायचं?" असं पाठीमागून ऐकू आलं आणि मी मुकाट्यानं डावा पाय उचलला. बाई माझ्याकडे न बघता पुढे गेल्या आणि शेजारच्या तांबड्या घोड्याचा खूर हातात घेऊन तो साफ करू लागल्या. दुसऱ्या खुराशी आल्यावर त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तू का गं एका पायावर उभी?" म्हणाल्या. काय सांगणार! मी पाय खाली ठेवला.

या अहो-जाहोचं त्यांच्याकडे कारण होतं. "ते तुला पाठीवर घेणारेत. तू त्यांना घेणार आहेस का? नाही ना? मग मान कुणाचा?" असं त्या प्रत्येक नव्या माणसाला विचारायच्या. समोरचा मोठा अधिकारी असला तर जरा जास्तच खणखणीत आवाजात विचारायच्या.

त्यांचं नाव मी सांगणार नाही, त्यांना ते आवडायचं नाही. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. भोपाळच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात भूगोल शिकवला. मूळच्या त्या ग्वाल्हेरच्या. वडील घोडदळात होते, त्यामुळे पाटी-पेन्सिलीच्या आधी हातात लगाम आला असं सांगायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या शिक्षिकांनी शाहपुऱ्याला तळ्याच्या बाजूला फ्लॅट घेतले. बाईंनी केरवा रस्त्यावरची भावाची पडीक जमीन मागून घेतली, पत्र्याचा तबेला घातला आणि तीन जनावरं पाळली. तिथे पाच-सहा हौशी मंडळी रविवारी शिकायला यायची.

सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर स्कूटरचं लाल हेल्मेट, हा बाईंचा पोशाख. हेल्मेट घोड्यावर बसण्यासाठी होतं म्हणावं तर तसंही नाही. खुब्याच्या दुखण्यामुळे त्यांचं बसणं कधीच सुटलं होतं. ते दिवसभर डोक्यावर असायचं, चहा गाळतानासुद्धा. एकदा गणपतीत आम्ही त्यांच्याकडे आरतीला गेलो तर बाई हेल्मेट घालून झांजा वाजवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "डोकं एकच दिलंय त्यानं. दुसरं मागायला गेले तर काय म्हणेल तो?" आणि त्यांनी गणपतीकडे बोट दाखवलं. त्याच्याकडे बघून तो विषय मी वाढवला नाही.

मी त्यांच्याकडे गेले ती पाठीच्या दुखण्यामुळे. आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, आणि तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी ना कुणी फायलींपायी पाठ मोडून घेत आलंय. चाळिशी उलटल्यावर माझा नंबर लागला. डॉक्टर म्हणाले पोहा, मला पाण्याची भीती. ऑफिसातलं कुणीतरी थट्टेनं म्हणालं, मग घोड्यावर बसा. मी ती थट्टा मनावर घेतली. आम्ही तेव्हा तुलसी नगरच्या क्वार्टरात राहत होतो. आई म्हणाली, "काय करून राहिली तू हे? या वयात घोडा? पडशील ना बापा!" शेजारणीही आईच्या बाजूनं होत्या.

माझी उंची बेताची आणि आवाज त्याहून बेताचा. मिनीबसमध्ये "रोक देना" म्हटलं तर मला पुढच्या थांब्यावर उतरावं लागे. मीटिंगमध्ये मी काही सुचवलं तर शेजारचा ते पुन्हा मोठ्यानं बोले आणि कल्पना त्याची होऊन जाई. बाईंनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यानंतर कित्येक रविवार त्यांनी मला घोड्यावर बसूच दिलं नाही. लीद काढायची, पाणी भरायचं, आणि मग स्टुलावर बसून पेपर वाचून दाखवायचा. कुणाला? घोड्यांना!

"त्यांना तुझा आवाज कळायला हवा," बाई म्हणायच्या. "जवळच्यांना ऐकू जाणं यात काय मोठं? शेवटच्या ठाणावर उभ्या आहेत ना, त्यांनी कान टवकारले पाहिजेत."

मी निविदा सूचना वाचल्या, राशिभविष्य वाचलं, मटारचे भाव वाचले. शेवटच्या ठाणावरची पांढरी घोडी माझ्याकडे पाठ करून गवत खात राही. ही चमेली. पुढे माझं सगळं तिच्याशीच जुळायचं होतं.

चमेली म्हणजे ठेंगणी, पोट सुटलेली, लांब पापण्यांची तट्टाणी. जुन्या शहरातल्या एका बँडवाल्याकडे तिनं वर्षानुवर्षं वरातीत नवरदेव वाहिले होते. मागच्या उजव्या पुठ्ठ्यावर फटाक्यानं भाजल्याचा हातभर डाग होता, तिथे पुन्हा केस उगवले नाहीत. एका लग्नात नवरदेव उतरून तिच्यापुढे उभा राहिला आणि तिनं त्याच्या सेहऱ्यातली फुलं खाऊन टाकली. मोठा गहजब झाला. बँडवाला वैतागून तिला विकायला निघाला, आणि बाई तिला घेऊन आल्या. बाईंना या प्रकरणाचा अभिमानच होता. "ताजा मोगरा होता. तोंडासमोर धरल्यावर काय करणार त्या? आणि धंद्यात जेवायला कधी द्यायचे ते तरी विचार," असं त्या चमेलीची बाजू घेऊन सांगायच्या.

माझी उंची बघून त्यांनी मला चमेलीच्या हवाली केलं. चमेली उडी फार सुरेख मारायची. अडथळा ओलांडून झाला हे पाठीवरच्या माणसाला नंतर कळायचं. पण फाटकातून बाहेर पडायला ती तयार नसे. दर वेळी तिथे येऊन खिळून उभी राही. बाई हात जोडायच्या, मी टाचा मारायचे, मागून दोघे जण ढकलायचे, तेव्हा कुठे स्वारी निघायची. आणि एकदा निघाली की तिच्या दुडकीत माझं खोगीर आणि मी वेगवेगळ्या तालात असायचो. मी पडायचे. बऱ्याचदा पडायचे.

पडले की बाई आधी चमेलीला विचारायच्या, "लागलं नाही ना तुम्हाला?" मग माझ्यापाशी येऊन पदराच्या गाठीतला गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "खालून काय दिसलं, सांग." मी एकदा आभाळ म्हटलं तर चिडल्या. "आभाळ कुणालाही दिसतं. त्यांचे कान कुठे होते? पाय कुठे होते? फुकट पडलीस तू!" आपलं पडणं फुकट जाऊ शकतं हे मला तोवर सुचलं नव्हतं. पुढे मी जमिनीवर पडल्या पडल्या चमेलीचे कान बघायला शिकले. रडू आलं तर त्यांची हरकत नसे. "रड की. पण लगाम सोडू नको," एवढंच म्हणायच्या.

शाबास हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. 'बरं' होतं. ते त्या निरनिराळ्या तऱ्हेनं म्हणत आणि त्यातलं बरं-वाईट आपण ओळखायचं. मला सुरुवातीला मिळत गेलं ते फार तुटक असायचं.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी माझं आणि चमेलीचं नाव स्पर्धेत दिलं. मला विचारलं नाही. गावाबाहेरच्या मैदानावर खुल्या स्पर्धा होत्या, त्यात नवशिक्यांचा एक गट होता. गुडघ्याएवढे अडथळे, आणि ठरलेल्या वेळेत रिंगण पुरं करायचं. वेळेच्या दुप्पट वेळ लागला की घंटा वाजून बाद. माझ्या गटात मी सोडून सगळी शाळकरी मुलं होती. त्यांच्या आया खुर्च्यांवर बसल्या होत्या, आणि त्यांच्यात माझीही आई बसली होती. इतका विरोध करूनही ती डब्यात पुरणपोळ्या घेऊन आली होती.

फाटकात नेहमीचा तमाशा झाला. ढकलाढकलीनंतर आम्ही आत गेलो. पहिला अडथळा चमेलीनं असा ओलांडला की माझाच श्वास रोखला गेला. आईनं जोरात टाळ्या वाजवल्या, तिचं बघून बाकीच्यांनी वाजवल्या, आणि चमेली थांबली. नुसती थांबली नाही, चारी पाय नीट ठेवून, मान वळवून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली. मी टाचा मारल्या. "चल ना गं, चल ना," असं पुटपुटले, ते मलाही नीट ऐकू आलं नाही. टाळ्या थांबल्या तशी ती आपण होऊन निघाली. दुसरा अडथळा, पुन्हा टाळ्या, पुन्हा मुक्काम. आता लोक हसू लागले, आणि हसताना आणखी टाळ्या वाजवू लागले. तिसऱ्यानंतर घंटा झाली. लाउडस्पीकरवरून कुणीतरी आमचे आभार मानले.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाई आल्या, चमेलीच्या मानेवर हात फिरवून म्हणाल्या, "उड्या चांगल्या मारल्यात हं." मग माझ्याकडे वळून, "घाबरल्या त्या आवाजाला. तो डाग बघितलायस ना? फटाक्यांची आठवण असणार." आम्हां सगळ्यांना ते पटलं. इतकं पटलं की दुसरं काही असू शकेल हे वर्षभर कुणाच्या मनात आलं नाही.

त्या वर्षभरात बाईंचा खुबा फारच बिघडला. ऑपरेशन करायचं ठरलं, आणि त्यांचा पुण्यातला मुलगा ऐकेना. ऑपरेशन पुण्यात होणार, त्यानंतर राहणंही तिथेच. तबेला उठणार होता. गावाबाहेरच्या एका मोठ्या निवासी शाळेत घोडे होते. तिथले प्रशिक्षक म्हणाले, हिवाळी स्पर्धांत तुमची जनावरं बघतो, उपयोगी वाटली ती ठेवून घेतो. दोन घोड्यांची काळजी नव्हती. चमेलीची होती. बाईंनी ओळखीपाळखीत सगळीकडे विचारलं, घोडी ठेवायला कुणाकडे जागा नव्हती. जागा फक्त त्या बँडवाल्याकडे होती. तो एक दिवस येऊन तिला बघूनही गेला. वाईट माणूस नव्हता तो. दात बघितले, पाठ थोपटली आणि म्हणाला, "सीज़न शुरू होने वाला है बाई, बता देना." पण त्याचा धंदा म्हणजे पुन्हा ते जनरेटर, ते फटाके, ते तासन् तास उभं राहणं. तो गेल्यावर बाईंनी चमेलीच्या त्या डागावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या हिवाळ्यात दोन स्पर्धा होत्या. पहिलीच्या आधी आम्ही चमेलीच्या कानांचा बंदोबस्त केला. बाईंनी कापसाचे बोळे केले आणि माझ्या आईनं त्यावर घालायला पोपटी लोकरीच्या कानटोप्या विणल्या. आई आता पूर्णपणे चमेलीच्या पक्षात होती. "माय वो, किती साजरी दिसून राहिली!" म्हणाली. दिसत होती खरी. पण लोकांचे हात हलताना दिसले की ती थांबायचीच. कानटोप्यांमुळे लोक अधिकच खूश झाले आणि आम्ही पुन्हा घंटेनं बाद झालो. शाळेचे प्रशिक्षक कुंपणाशी उभे होते. निवृत्त फौजी, पांढऱ्या मिशा. त्यांनी बाईंच्या दोन घोड्यांना मान डोलावून पसंती दिली, आणि चमेलीकडे बघून फक्त "हूँ" केलं. आता एकच स्पर्धा उरली होती.

मधल्या दिवसांत माझ्या मावसभावाच्या मुलाचं लग्न निघालं, शाहपुऱ्याला. आमच्या भोपाळच्या मराठी लग्नांत हल्ली सगळं इकडच्यासारखंच असतं. नवरदेव घोडीवर बसून कार्यालयात जातो, पुढे बँड, त्याच्या पुढे नाचणारे. संध्याकाळी मी जरीची साडी सावरत घोडीशेजारी उभी होते. बँड सुरू झाला तरी घोडी निघेना. मग नवऱ्या मुलाची बहीण ताटलीत भिजवलेली चण्याची डाळ घेऊन आली. तिनं ती घोडीला भरवली, घोडीनं शांतपणे खाल्ली, आणि चालू लागली. मी बघत राहिले. शंभर पावलं गेलो नसू, पोरं नाचायला लागली. घोडी थांबली. कुणी लगाम ओढला नव्हता. चारी पाय नीट ठेवून, मान उंच करून, नाचणाऱ्यांकडे तोंड करून उभी. टाळ्या, शिट्ट्या, नोटा ओवाळणं, सगळं होईपर्यंत उभी. मग नवऱ्याचा मामा दोन्ही हात वर करून ओरडला, "चलो भई चलो, आगे बढ़ो, मुहूर्त निकल रहा है!" आणि घोडी निघाली.

मी वरात सोडून एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर चढले आणि बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या घाबरत नव्हत्या," बाई म्हणाल्या.

"नाही."

"त्या काम करत होत्या. लोक खूश झाले की थांबायचं, हे त्यांचं काम. आणि आपण त्यांच्या कानात बोळे घातले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा बाई शेवटच्या ठाणापुढे उभ्या होत्या, आणि हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. त्यांचे पांढरे केस मी तेव्हा प्रथम पाहिले. "चुकलं हं आमचं," त्या चमेलीला सांगत होत्या. "फार चुकलं. तुम्ही एवढं इमानानं करत होता आणि आम्ही तुम्हाला भित्रं ठरवलं." मग त्यांनी डब्यातली भिजवलेली चणाडाळ तिला भरवली. चमेली फाटकातून अशी बाहेर पडली की मी खोगिरात नीट बसायच्या आत ती निम्म्या मैदानात होती.

डाळीचं झालं, पण दुसरं अवघड होतं. स्पर्धेत बाहेरून कुणी काही सांगितलं तर घोडा बाद. स्वारानं स्वतः बोलायला मात्र मनाई नव्हती. म्हणजे मामाचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी आईला, शिकणाऱ्या सगळ्यांना, दूध घालायला आलेल्या माणसालाही कुंपणाशी उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मी ओरडायचं. माझा आवाज घशातून निघेपर्यंत टाळ्या संपलेल्या असायच्या. "वऱ्हाड जेवायला बसलं की गं तुझं!" बाई म्हणायच्या. "मुहूर्त चाललाय. कुणाचा चाललाय? ह्यांचा. ओरड!" त्या आठवड्यात मी ऑफिसात खुणांनी बोलत होते.

स्पर्धेच्या दिवशी बाईंनी फाटकात, सगळ्यांच्या देखत, स्टीलचा डबा उघडून चमेलीला डाळ भरवली. पंच बघत राहिले. बाई त्यांना म्हणाल्या, "नाश्ता है. नियम में मना है क्या?" मना नव्हतं. आम्ही आत गेलो.

पहिला अडथळा. टाळ्या. चमेली थांबली आणि प्रेक्षकांकडे वळली. मी तोंड उघडलं, घोगरा आवाज आला. चमेलीनं एक कान मागे केला, तिला पुरेसं वाटलं नाही. मला तो डाग दिसत नव्हता, पण माझ्या मागे वीतभर अंतरावर तो आहे हे कळत होतं. मग मी ओरडले. "चलो भई चलो! आगे बढ़ो! मुहूर्त निकल रहा है!" खुर्च्यांवर हशा उसळला. चमेली उडालीच. दुसरा अडथळा, जास्त टाळ्या, जास्त मोठ्यानं मी. तिसऱ्यापाशी मुलं माझ्याबरोबर ओरडायला लागली तेव्हा पंचांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. एका अडथळ्याची काठी पडली. वेळ वाहून गेली, दंडाचे गुण साचत गेले. पण घंटा व्हायच्या आत आम्ही शेवटची रेघ ओलांडली. आमचा नंबर शेवटून पहिला आला. आई रडत होती. बाई फक्त "बरं" म्हणाल्या, पण असं लांब 'बरं' मला कधी मिळालं नव्हतं.

तेवढ्यात प्रशिक्षक आले. "बाई, दोनों घोड़े ले लूँगा. ये वाली रहने दीजिए. हर ताली पर रुकेगी तो बच्चे कॉम्पिटिशन कैसे करेंगे?"

मी बाईंकडे पाहिलं. आता त्या बोलतील, नेहमीसारखं खणखणीत बोलतील. बाई खाली वाकून बुटाची नाडी बांधत होत्या. नाडी सुटलेली नव्हती. प्रशिक्षक वळले, चार पावलं गेले. बाई अजून नाडीच बांधत होत्या.

"सर!" मी म्हटलं. ते थांबले. आसपासचे सगळेच थांबले. "कॉम्पिटिशन वालों को छोड़िए. जो बच्चे पहले दिन आते हैं, उनका क्या? वो चीखते हैं, बाक़ी बच्चे शोर मचाते हैं, और आपके घोड़े भागते हैं. भागते हैं ना?"

त्यांनी पलीकडे बांधलेल्या शाळेच्या घोड्यांकडे एक नजर टाकली.

"ये नहीं भागेगी. जितना शोर, उतना खड़ी रहेगी. इसने ज़िंदगी भर घबराए हुए लड़कों को बैठाया है, सर. कोई बच्चा बैठाकर देख लीजिए."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मागे वळून पाहिलं. त्यांच्या शाळेची एक चिमुरडी सकाळी घोड्यावर चढतानाच रडून उतरली होती, ती पाण्याच्या टाकीशी बसली होती. त्यांनी तिला उचलून चमेलीवर ठेवलं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले. "शोर करो," प्रशिक्षक बाकीच्या मुलांना म्हणाले. मुलांना आणखी काय हवं! टाळ्या, शिट्ट्या, कुणी डबा बडवला. चमेली चारी पाय रोवून, मान उंच करून उभी. मुलीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग अयाळीत बोटं घालून ती म्हणाली, "और बजाओ."

"ये रहेगी," प्रशिक्षक म्हणाले.

परतताना मी आणि बाई एका रिक्षात होतो. मला राहवलं नाही. "बाई, पोरांसाठी त्या चांगल्या आहेत, हे तुम्हाला आधीच सुचलं होतं ना?"

"तू वरातीतून फोन केलास तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत? मी बोलले नसते तर?"

"तर मी बोलले असते. नाडी किती वेळ बांधणार?" त्या बाहेर बघत म्हणाल्या. "पण माझ्या सांगण्यावरून ठेवलं असतं ना, तर म्हाताऱ्या बाईचा मान म्हणून ठेवलं असतं. मी पुण्याला गेले की चार महिन्यांत काढून टाकलं असतं त्यांना. मग कोण बोलणार होतं? तू इथे राहणारेस. तुझ्या बोलण्यावर राहायला हव्या होत्या त्या."

आजवर कुणी माझ्या बोलण्यावर काही सोडलं नव्हतं, आणि बाईंनी त्यांचं सगळ्यांत लाडकं होतं ते सोडलं. याबद्दल मी त्यांची किती ऋणी आहे हे मी त्या रिक्षात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही म्हणून इथे लिहितेय.

बाई आता पुण्यात असतात. नवा खुबा नीट बसला. मुलाच्या सोसायटीतल्या लिफ्टमध्येही त्या हेल्मेट घालतात अशी सूनबाईंची तक्रार आहे. आम्हीही तुलसी नगर सोडून अवधपुरीला घर केलं. तिथून शाळा लांब पडते, पण रविवारी मी जातेच. चमेलीवर रोज नवी पोरं बसतात आणि ती त्यांना घेऊन उभी राहते.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या एका विश्वस्तांच्या मुलाचं लग्न निघालं. घरचीच पांढरी घोडी असताना बाहेरची कशाला, असं कुणाच्या तरी मनात आलं. प्रशिक्षकांनी अवघडून मला फोन केला. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेले. विश्वस्तांच्या खोलीत चार माणसं होती. "एक ही शाम की तो बात है, मैडम," विश्वस्त हसून म्हणाले. मी नाही म्हटलं. कारणं सांगितली, डागाबद्दल सांगितलं, आणि पुन्हा नाही म्हटलं. कुणीतरी मला जरा हळू बोलायला सांगितलं. मी हळू बोलले नाही.

वरातीला दुसरीकडून घोडी आली. त्या संध्याकाळी मी मुद्दाम शाळेत गेले. चमेली आपल्या ठाणावर गवत खात होती, पापण्या जड झाल्या होत्या. मी तिथूनच बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "बाई, हे तुमच्यामुळे झालं. मी कधी बोलले नाही, आज बोलते."

"तू आता कुठे आहेस?" बाईंनी विचारलं.

"इथेच, त्यांच्यापाशी."

"मग बाहेर जाऊन बोल की. दिवसभर पोरांना घेऊन दमल्या असतील त्या. झोपू दे त्यांना."